मोर्णेकाठचा असदगड : घराशेजारचा इतिहास



सुटी लागली की मध्यमवर्गीय घरांत सहलीची बोलणी सुरू होतात. वऱ्हाडातील कुटुंबे वेरूळ-अजिंठ्याला जातात, रायगडाच्या पायऱ्या चढतात, राजस्थानातील किल्ल्यांपुढे उभे राहून छायाचित्रे काढतात. यात गैर काहीच नाही. देश पाहिल्यावाचून देश समजत नाही. परंतु ज्या तरुणाला रायगडावरील महादरवाजा, नगारखाना आणि जगदीश्वराचे मंदिर तोंडपाठ आहे, तोच तरुण अकोल्याच्या जुन्या शहरात असदगडाच्या बुरुजाखालून वर्षानुवर्षे दुचाकीवरून जातो आणि हा बुरूज कोणी बांधला, कशासाठी बांधला, असे विचारले तर निरुत्तर होतो. दोष त्या तरुणाचा नाही. त्याला ते कोणी बोट धरून दाखवलेले नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय अगदी साधा आहे. रविवारचा एक दिवस काढावा, मुलाबाळांना आणि घरातील वडीलधाऱ्यांना सोबत घ्यावे, डबा बांधून घ्यावा आणि सकाळी अकोल्याचे जुने शहर, तर दुपारनंतर सव्वीसेक किलोमीटरवरील बाळापूर पाहावे. या एका दिवसात वऱ्हाडचा साडेतीनशे वर्षांचा इतिहास दगड-विटांतून वाचता येतो. मात्र तो वाचायचा कसा, हे आधी ठाऊक असावे लागते.

आधी नदी, मग गाव

असदगड पाहायला निघालेल्याने प्रथम मोर्णेच्या पुलावर थांबावे. मोर्णा पूर्णेला मिळते आणि पूर्णा तापीला. अकोल्याच्या उत्तरेस पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथे विहीर खणली तर पाणी लागते, पण ते खारे लागते. पिण्याला चालत नाही आणि शेतीलाही धड उपयोगी पडत नाही. अशा मुलखात वाहत्या गोड्या पाण्याचे मोल काय असेल, याची कल्पना करावी. गावे नदीच्या काठी वसली, ती या गरजेपोटी.

अकोल्याच्या जन्माची एक आख्यायिका जुने लोक सांगतात. अकोलसिंग नावाच्या पुरुषाने या ठिकाणी एक ससा कुत्र्याच्या पाठीमागे धावताना पाहिला. ज्या भूमीत ससा कुत्र्याला पळवून लावतो ती भूमी पराक्रमाची, असे समजून त्याने तेथे वस्ती केली आणि तिच्या रक्षणासाठी मातीचा कोट उभारला. अशा कथा देशात अनेक नगरांच्या बाबतीत सांगितल्या जातात, त्यामुळे तिला इतिहास म्हणता येत नाही. पण तिच्यातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अकोलेकरांच्या स्मृतीत दगडी तटाच्या आधी मातीचा कोट आहे आणि तो गावाने गावासाठी बांधलेला आहे.

तट कोणत्या काळात उभा राहिला?

आज ज्याचे अवशेष दिसतात तो दगडी कोट औरंगजेबाच्या कारकिर्दीतील. दहीहंडा वेशीवरील लेखात औरंगजेब बादशहा व त्याचा वजीर नबाब असदखान यांची नावे असून इ. स. १६९७ हा काळ दिलेला आहे. असदखानाच्या नावावरूनच किल्ल्याला असदगड म्हणू लागले.

सन पाठ करून थांबले तर हाती काहीच लागत नाही. १६९७ साली महाराष्ट्रात काय चालले होते, हे त्या सनाशेजारी मांडून पाहावे. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांचे बलिदान झाले. त्याच वर्षी रायगड पडला आणि तो घेणारा सरदार होता झुल्फिकारखान, याच असदखानाचा मुलगा. छत्रपती राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीला गेले. झुल्फिकारखानाने जिंजीला वेढा घातला आणि तो वर्षामागून वर्षे रेंगाळला. खुद्द असदखानही काही काळ त्या वेढ्यात होता. जिंजी पडली ती १६९८ मध्ये, आणि तीही राजाराम महाराज सुखरूप निसटल्यानंतर. म्हणजे मोर्णेकाठी असदखानाच्या नावाने दगडावर दगड चढत होते, तेव्हा त्याचा मुलगा शेकडो कोस दूर मराठ्यांच्या छत्रपतींना पकडण्याच्या निष्फळ खटपटीत गुंतलेला होता.

पुढे मराठ्यांच्या फौजा वऱ्हाडात वरचेवर उतरू लागल्या. १७०३ मध्ये नेमाजी शिंदे यांनी वऱ्हाडच्या मोगल नायब सुभेदाराचा, रुस्तुमखानाचा, पराभव करून त्याला कैद केले. ज्या साम्राज्याच्या वजिराला आपल्या जहागिरीतील गावाभोवती इतका भक्कम तट हवासा वाटतो, त्या साम्राज्याची झोप उडालेली असते. असदगडाच्या भिंतींवर नक्षीकाम जवळपास नाही. शोभेचे, डौलाचे काही नाही. केवळ जाडजूड चिरेबंदी भिंत. मुलांना बुरुजाजवळ उभे करून विचारावे की, हा बांधणारा निर्धास्त होता की चिंतेत होता? उत्तर भिंतच देते.

वेशीवरची अक्षरे

जुन्या शहरात हिंडताना वेशींची नावे नीट ऐकावीत. दहीहंडा आणि आगर ही अकोला तालुक्यातील गावे. ज्या गावाकडे वाट निघते त्या गावाचे नाव वेशीला द्यायचे, ही आपल्याकडील जुनी रीत. दिल्लीत अजमेरी आणि काश्मिरी दरवाजे आहेत ते याच रीतीने. पाट्या आणि नकाशे नव्हते तेव्हा वेशीचे नाव हीच वाटसरूची पाटी होती.

या वेशींनी अभ्यासकांपुढे एक कोडेही टाकलेले आहे. सी. ब्राऊन आणि ए. ई. नेल्सन यांनी तयार केलेल्या अकोला जिल्ह्याच्या १९१० च्या गॅझेटियरमध्ये अगरवेशीवरील एका मराठी लेखाची नोंद आहे. त्या लेखाप्रमाणे हा किल्ला गोविंद आप्पाजी यांनी १८४३ साली बांधला! एका वेशीवर १६९७, तर दुसरीवर १८४३. दोन्ही विधाने जशीच्या तशी खरी असू शकत नाहीत. १८०३ च्या युद्धात हे तटबंदीचे गाव उभे होतेच. तेव्हा १८४३ मध्ये किल्ला मुळापासून बांधला गेला, असे मानता येत नाही. गोविंद आप्पाजींनी तटाची किंवा वेशीची दुरुस्ती केली असावी आणि लेख कोरणाऱ्याने तिला बांधकाम म्हटले असावे, असे अनुमान फार तर काढता येते.

येथे एक मोठा धडा आहे. दगडावर कोरले म्हणून ते सत्य ठरत नाही. शिलालेखसुद्धा दुसऱ्या पुराव्याशी ताडून वाचावा लागतो. आज भ्रमणध्वनीवर आलेला कोणताही मजकूर इतिहास म्हणून पुढे पाठवला जातो. आपल्या बाजूचा आहे एवढ्यावर तो खरा मानण्याची सवय जडली तर ती घातक आहे. ज्याला आपल्या पूर्वजांविषयी खरा आदर आहे, त्याने पूर्वजांच्या नावावर खोटे खपू देता कामा नये. मुलांना हे वर्गातील फळ्यावर शिकवण्यापेक्षा या दोन वेशींपुढे नेऊन शिकवणे सोपे आहे.

तट राहिला नाही, तो कसा?

असदगड पाहून अनेकांची निराशा होते. ‘किल्ला म्हणून काय उरले आहे?’ असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात सापडते.

१८०३ च्या नोव्हेंबरात आर्थर वेलस्लीचा तळ अकोल्यास पडला होता. सप्टेंबरात असईची लढाई झालेली होती. अकोल्याहून पुढे जाऊन त्याने २९ नोव्हेंबर रोजी अडगावच्या रणांगणावर नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढाई जिंकली. हे अडगाव अकोला जिल्ह्यातच, तेल्हारा तालुक्यात आहे. त्यानंतर १५ डिसेंबरला गाविलगड पडला. किल्लेदार बेणीसिंह लढता लढता कामी आला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. ते निजामाकडे राहिले आणि १८५३ च्या तहाने कारभारासाठी इंग्रजांच्या हाती आले.

नंतर रुळांची पाळी आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या वर्षांत वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला होता. तो कापूस मुंबईच्या बंदरात न्यायला लोहमार्ग हवा होता. भुसावळहून निघालेला मार्ग अकोल्यावरून १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. मोर्णेच्या पश्चिम तीरावर तटाच्या आतले जुने शहर राहिले. पूर्व तीरावर ताजनापेठेच्या बाजूने कचेऱ्या, बंगले आणि नवी वस्ती वाढली. तटाला आता राखण्याजोगे काही उरले नव्हते आणि बंदिस्त तट असणारी गावे नव्या सत्तेला नकोच होती. १८७० च्या सुमारास इंग्रजांनी असदगडाची तटबंदी पाडली. १९१० च्या गॅझेटियरमध्ये किल्ल्याच्या मध्यवर्ती भागात शाळा भरत असल्याचे लिहिले आहे.

तेव्हा जे दिसत नाही त्याचेही कारण समजून घ्यावे. काही भाग सरकारी हुकमाने गेला. काही उन्हापावसाने ढासळला. आणि काही, हे कटू असले तरी खरे आहे, त्यानंतरच्या पिढ्यांच्या दुर्लक्षाने गेला. पहिल्या दोहोंवर आज इलाज नाही, तिसऱ्यावर आहे.

राजराजेश्वर आणि कावड

जुन्या शहरातील श्री राजराजेश्वर हे अकोल्याचे ग्रामदैवत. अकोलसिंगाच्या राणीची कथा येथे सांगितली जाते. राणी रोज मध्यरात्री महालातून निघून शिवपूजेला जात असे. राजाच्या मनात संशय आला आणि तो तलवार घेऊन तिच्या मागे गेला. पतीने आपल्यावर संशय घ्यावा, या वेदनेने राणीने महादेवाला साकडे घातले. पिंड दुभंगली आणि राणी तीत सामावली. पिंडीवरील भेग तेव्हाची, अशी श्रद्धा आहे. या कथेत पराक्रमाचा लवलेश नाही. आहे तो निरपराध स्त्रीवर घेतलेला संशय आणि त्याचे कधीही न भरलेले व्रण. गावाने आपल्या संस्थापकाचा हा अपराध झाकून ठेवला नाही, उलट देवाच्या पिंडीपाशी त्याची आठवण जपली. लोकस्मृतीचा हा प्रांजळपणा विचार करायला लावणारा आहे.

श्रावणातील अखेरच्या सोमवारी येथे कावड-पालखी उत्सव होतो. शिवभक्त सुमारे अठरा किलोमीटरवरील गांधीग्रामला जातात, पूर्णेचे जल भरण्यांत भरतात आणि खांद्यावर कावड घेऊन अनवाणी रात्रभर चालत राजराजेश्वराला येतात. १९४४ साली पावसाने ओढ दिली असता ही प्रथा सुरू झाली, असे सांगितले जाते. आता तरुण मंडळांच्या शेकडो भरण्यांच्या कावडी निघतात आणि रस्त्यारस्त्यावर नागरिक त्यांच्यासाठी फराळाची, पाण्याची व्यवस्था करतात. इतक्या तरुणांचे खांदे एका कामासाठी एकत्र येतात, ही अकोल्याची केवढी मोठी शक्ती आहे!

दुपारनंतर बाळापूर

अकोल्याहून पश्चिमेस राष्ट्रीय महामार्गाने निघाले की बाळापूर लागते. बाळादेवीच्या नावावरून हे नाव पडले. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर येथील किल्ला उभा आहे. असदगड पाहून जे कल्पनेने जोडावे लागते ते येथे डोळ्यांना प्रत्यक्ष दिसते. पक्क्या विटांच्या उंच भिंती, कोपऱ्याकोपऱ्यावर बुरूज, एकामागून एक दरवाजे आणि भोवती नद्यांचे पात्र. पावसाळ्यात नद्या भरल्या की नैसर्गिक खंदकच तयार होतो. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने या किल्ल्याचे काम सुरू केले आणि एलिचपूरचा नबाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये ते पुरे केले.

मन नदीच्या काठावर काळ्या दगडाची एक देखणी छत्री आहे. सुमारे पंचवीस फूट चौरस आणि तेहतीस फूट उंचीची ही वास्तू मिर्झाराजे जयसिंग यांच्या नावाशी जोडलेली आहे. पुष्कळ लोक तिला त्यांची समाधी समजतात. पण मिर्झाराजांचा मृत्यू १६६७ च्या ऑगस्टमध्ये बुऱ्हाणपुरात झाला. पुरंदरच्या तहात शिवछत्रपतींकडून तेवीस किल्ले घेणारा हा सेनानी. विजापूरच्या मोहिमेत अपयश आले, शिवाजी महाराज आग्ऱ्याहून निसटले आणि त्याचे किटाळ मिर्झाराजांच्या घराण्यावर आले. आयुष्यभर ज्याची चाकरी केली त्या बादशहाची मर्जी उतरली आणि घराकडे परतताना वाटेतच अंत झाला. छत्रीच्या सावलीत बसून डबा उघडताना घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना ही हकिगत अवश्य सांगावी. पराक्रम, निष्ठा आणि बुद्धी हे तिन्ही गुण अंगी असूनही ते कोणाच्या कामी वेचले, हा प्रश्न शेवटी उरतोच.

बाळापूरच्या परिसराने आणखी एक निर्णायक प्रसंग पाहिला. १७२० च्या ऑगस्टमध्ये येथील लढाईत निजाम-उल-मुल्काने सय्यद बंधूंचा पुतण्या आलम अलीखान याचा पराभव केला. मराठ्यांची कुमक आलम अलीच्या बाजूस होती. पुढे १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईने निजामाचे दख्खनमधील आसन पक्के झाले. हैदराबादच्या ज्या राज्याचा अंत १९४८ मध्ये झाला, त्याचा पाया घालणाऱ्या या दोन्ही लढाया वऱ्हाडच्या मातीत झाल्या. इतिहास पुण्या-साताऱ्याकडे घडला आणि वऱ्हाडात नुसता कापूस पिकला, अशी समजूत असणाऱ्यांनी मनकाठी एक संध्याकाळ घालवावी.

आणि मोर्णा?

दिवस संपवून परतताना पुन्हा मोर्णेचा पूल लागतो. सकाळी जिच्यामुळे गाव वसले असे मुलांना सांगितले, ती नदी आता कशी दिसते? सांडपाणी, कचरा आणि पाण्यावर पसरलेली जलकुंभी. राजराजेश्वराला पूर्णेचे जल वाहण्याची परंपरा स्वतंत्र आहे, तिचा मान आहेच. पण एखाद्या चुणचुणीत मुलाने, ‘मोर्णा तर जवळच आहे, तिचे पाणी देवाला का चालत नाही?’ असे विचारले तर काय सांगणार?

या अवस्थेमागे कारण आहे. काटेपूर्णा नदीवरील महानच्या धरणातून शहराला नळाने पाणी मिळू लागले. पाणी घरात आले आणि नदीकाठी जाण्याचे प्रयोजन संपले. पूर्वी घाटावर पाणी भरणारी माणसे नदीत घाण टाकणाऱ्याला हटकत असत. आता हटकणारे कोणी राहिले नाही.

अकोलेकरांनी मनात आणले तर काय होते, याचाही अनुभव आहे. १३ जानेवारी २०१८ रोजी मोर्णा स्वच्छता मोहिमेत सहा हजारांहून अधिक नागरिक नदीत उतरले. विद्यार्थी होते, मातृशक्ती होती, वृद्ध होते, शंभराहून अधिक संस्था होत्या. त्याच महिन्याच्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी या मोहिमेचा गौरवाने उल्लेख केला. सबंध देशाने अकोल्याचे नाव ऐकले. मात्र जलकुंभी ही सांडपाण्यातील द्रव्यांवर पोसणारी वनस्पती आहे. ती हाताने उपसली आणि नाले तसेच नदीत सुटत राहिले, तर काही महिन्यांत ती पुन्हा पसरते. म्हणून एका सकाळच्या श्रमदानाला प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी सांडपाणी शुद्ध करण्याची जोड हवी, आणि तिचा पाठपुरावा नगरसेवकाकडे, महापालिकेकडे चिकाटीने करणारी माणसे हवीत. ते काम छायाचित्रात येत नाही, त्याला टाळ्या मिळत नाहीत. कार्यकर्त्याची खरी परीक्षा मात्र अशाच कामात होते.

एका दिवसाची शिदोरी

सहलीला निघताना काही पथ्ये पाळावीत. जुने शहर ही दाट, राहती वस्ती आहे. तेथे मंदिरे आहेत, ईदगाह आहे, लोकांची घरे आहेत. कोणाच्या पूजेत वा नमाजात व्यत्यय येणार नाही, कोणाच्या अंगणात विचारल्यावाचून पाऊल पडणार नाही, याची दक्षता घ्यावी. भिंतीवर नाव कोरणाऱ्या मुलाला तेथल्या तेथे थांबवावे. प्रत्येक मुलाच्या हाती वही द्यावी आणि वेशीचे नाव, दिसलेली अक्षरे, बुरुजाची अवस्था यांची नोंद करायला सांगावे. वस्तीतील वृद्धांशी बोलावे. तटाचा कोणता भाग त्यांच्या लहानपणी उभा होता, नदीला पूर कुठवर येत असे, घाटावर कोण येत असे, हे विचारून लिहून घ्यावे. या आठवणी कोणत्याही गॅझेटियरमध्ये नाहीत आणि ती माणसे गेल्यावर त्या कायमच्या जातील.

शाखा, शाळा, महिला मंडळे आणि गणेश मंडळे यांनी वर्षातून एकदा तरी अशी सहल काढावी. जमलेल्या वह्या एकत्र करून जुन्या शहराची एक छोटी पुस्तिका तयार करावी. पुरातत्त्व विभागाकडे वेशींवरील लेखांचे ठसे आणि वाचन यांसाठी रीतसर अर्ज करावा. आणि श्रावणात शेकडो भरणी खांद्यावर घेणाऱ्या तरुणांनी उरलेल्या अकरा महिन्यांतील एकेक सकाळ मोर्णेला द्यावी. ज्या नदीने अकोल्याला पाणी पाजले, तिचे ऋण राजराजेश्वराच्या साक्षीने फेडण्याची जबाबदारी अकोलेकरांचीच आहे.